जुनी मोटार घेताना : आधी वाचा, मग सही करा

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला स्टॅम्प पेपर त्याने पुढे केला. "सर, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा की."

कागद कन्नडमध्ये होता. गाडी आहे त्या स्थितीत घेतली आहे. तिच्यावरील कर्ज, थकलेला कर व दंड यांची जबाबदारी घेणाऱ्याची, असा त्याचा अर्थ. खाली त्याचीच सही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला न्यावे लागते, म्हणून त्याने एजंटामार्फत कोल्हापूर पासिंगची गाडी घेतली होती. २ लाख १० हजार रुपये रोख दिले. मूळ मालकाचे हप्ते थकलेले होते. अकराव्या दिवशी फायनान्स कंपनीची माणसे आली आणि गाडी ओढून घेऊन गेली. एजंटाचा फोन बंद.

"सही करण्याआधी का नाही आलास?" असे मी विचारले. तो म्हणाला, "कन्नड वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली, सर."

वाचकहो, ही लाज आपल्याला महागात पडते. सरकारी कागद मराठीतून मिळावेत म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडतो आहोत. पण दोन माणसांतील खरेदीचा करार मराठीत लिहायला कायद्याची आडकाठी नाही. तो आपण मागतच नाही! करार मराठीत किंवा दोन्ही भाषांत लिहून घ्यावा. समोरचा नाही म्हणाला, तर जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

आता गाडीच्या कागदांविषयी. आरसीवरील इंजिन व चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवरील नंबराशी ताडून पाहा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलमधील 'एम-परिवहन'वर गाडीचा नंबर घातला की नोंदणी व विम्याची मुदत आणि फायनान्सचा बोजा आहे की नाही, हे समजते. घरातील शाळकरी मूलही हे पाहून देईल. दंडाच्या चलनांची थकबाकीही तशीच पाहता येते. बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फायनान्स कंपनीच्या सहीचा फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचे पत्र लागते. "नंतर आणून देतो" या शब्दावर पैसे देऊ नयेत.

महाराष्ट्र किंवा गोवा पासिंगची गाडी स्वस्त मिळते, तेव्हा एजंट सांगतो, "आहे त्या नंबरावर चालवा, कोण विचारतंय?" हे खरे नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तेथील नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या आरटीओकडे कळवायचे असते. शिवाय कर्नाटकाचा कर पुन्हा भरावा लागतो. जुन्या राज्यातील कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. हा सारा खर्च धरल्यावरही गाडी स्वस्त पडते का, याचा हिशेब आधी मांडावा.

२०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. कोल्हापूर-सांगलीकडे आणि आपल्याकडेही कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, चटई उचलून वास घ्या, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज किंवा वाळलेला गाळ आहे का ते बघा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या मागा. गाडी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, एजंटाने आणलेल्या नव्हे.

पैसे बँकेतून, आणि आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यावर द्या. इसार दिला तरी पावती घ्या.

विकणाऱ्यांनीही जपावे. कोऱ्या फॉर्मवर सही देऊन मोकळे होऊ नये. नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

माझ्या विद्यार्थ्याने पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. आईला तो वडापने नेतो.

गावोगावी दोन्ही भाषा जाणणारा एखादा शिक्षक, एखादी शिकलेली मुलगी असतेच. त्यांच्याकडे कागद घेऊन जाण्यात कमीपणा नाही. माझ्याकडेही या. फक्त पैसे देण्याआधी या.