हातगाडीवरची गॅसची टाकी कोण तपासतो?

संध्याकाळचे सहा वाजले की कोणत्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत गाड्या लागू लागतात. वडापाव, भजी, पाणीपुरी, अंडाभुर्जी, डोसा आणि आता सर्वत्र दिसणारी चायनीजची गाडी. या पदार्थांतले तेल, रंग आणि पाणी यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. आज ताटलीतल्या पदार्थाविषयी नव्हे, तर गाडीखाली ठेवलेल्या टाकीविषयी लिहायचे आहे. आरोग्याच्या सदरात गॅसची टाकी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. ती टाकी पेटली की माणूस शेवटी डॉक्टरकडेच येतो.

प्रथम हा गॅस कसा वागतो ते समजून घेऊ. टाकीत प्रोपेन व ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. एक लिटर द्रव बाहेर आला तर त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड आहे. तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो व खोलगट जागी साठतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झाले तरी ठिणगी पुरते.

आता आपल्या गाड्या कुठे उभ्या असतात ते आठवा. बहुतेक गटाराच्या काठावर, किंवा गटारावर टाकलेल्या फरशीवरच! गळलेला गॅस गटारात उतरतो, गटाराने पुढे सरकतो आणि चार गाड्या सोडून पलीकडे पानटपरीवर कोणी काडी ओढली की भडका उडतो. वास येत नव्हता, असे गाडीवाला सांगतो आणि ते खरेही असते. वास त्याच्या पायाखाली होता.

गाडीची बांधणीही या धोक्यात भर घालते. टाकी चोरीला जाऊ नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याचा बंद कप्पा करतात. कप्प्याला तळाशी भोके नसली तर तोच गॅस साठवण्याचा डबा होतो. वाऱ्याने शेगडी विझू नये म्हणून तीन बाजूंनी जुने फ्लेक्स बांधतात. शेगडी विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय या बर्नरना बहुधा नसते. ज्योत जाते, गॅस चालू राहतो आणि गाडीवाला गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत असतो. शिवाय गाडी रोज दोन वेळा खड्ड्यांतून ढकलली जाते. घरातली टाकी जागची हलत नाही, इथे प्रत्येक जोडाला रोज हादरे बसतात. रात्री गाडी गल्लीत उभी असते तेव्हा तेलकट नळी उंदीर कुरतडतात.

चायनीजच्या गाडीचा प्रकार आणखी निराळा. तिथे मोठ्या दाबाचा रेग्युलेटर व भट्टीसारखा बर्नर असतो. गॅस वेगाने ओढला की टाकीतला द्रव भराभर वायू होतो, त्यासाठी लागणारी उष्णता टाकीतूनच घेतो आणि टाकी थंडगार पडते. तिच्या अंगावर दव, कधी बर्फही दिसतो. ज्योत मंदावते. मग पोरे टाकी आडवी करतात, हलवतात, तिच्यावर उकळते पाणी ओततात किंवा ती भट्टीजवळ सरकवतात. टाकी आडवी केली की वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो आणि बर्नरवर हातभर उंचीचा जाळ येतो. टाकी थंड पडते याचा अर्थ इतकाच की त्या टाकीच्या मानाने बर्नर मोठा आहे. त्याला उपाय म्हणजे मोठी टाकी किंवा लहान बर्नर.

काही महिन्यांपूर्वी अशाच गाडीवर काम करणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. भुवया व पापण्या जळालेल्या, तोंडावर व हातांवर टूथपेस्टचा थर. टाकी बदलली होती, वास येत होता, म्हणून गळती कुठे आहे ते पाहायला याने लायटर पेटवला. "डॉक्टरसाहेब, मलम द्या, संध्याकाळी गाडी लावायचीय," असे म्हणाला; पण त्याचा आवाज घोगरा झाला होता. भाजलेल्या माणसाचा आवाज बदलणे, थुंकीत काजळी दिसणे, नाकातले केस जळणे या खुणा म्हणजे जाळ श्वासाबरोबर आत गेल्याची शंका. अशा वेळी घशाला आतून सूज येते आणि काही तासांत श्वासमार्ग बंद होऊ शकतो. चेहरा फार वाईट दिसत नसला तरी घरी पाठवायचे नसते. त्याला ताबडतोब जिल्हा रुग्णालयात पाठवले, तो वाचला. टाकीच्या तोंडातला रबरी वायसरच गायब होता, हे मागून कळले.

हा वायसर पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. टोपण काढल्यावर टाकीच्या तोंडात काळी रबरी कडी दिसली पाहिजे. नसेल तर ती टाकी घेऊ नये. टाकीच्या वरच्या कड्याच्या आतल्या बाजूच्या पट्टीवर एक अक्षर व दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा सालाचा. त्या मुदतीला टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी परत करावी. नळी आय.एस. ९५७३ असा शिक्का असलेली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी असावी. तिच्यावर साल छापलेले असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. गाडीवर तेल, ऊन आणि उंदीर असल्यामुळे पाच वर्षांची वाट पाहू नये, असे माझे मत आहे. बाजारातली हिरवी प्लास्टिकची नळी पाण्यासाठी आहे. दोन नळ्या तुकडा जोडून लांब करणे आणि क्लिपऐवजी बांधकामाची तार आवळणे, हे दोन्ही प्रकार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

गळती शोधण्यासाठी वाटीभर पाण्यात साबणाचा फेस करावा आणि तो प्रत्येक जोडावर लावावा. बुडबुडे आले की गळती. रोज गाडी लावल्यावर, शेगडी पेटवण्याआधी हे करावे.

आता मूळ प्रश्न, हे सारे तपासतो कोण? खाद्यपदार्थ विकणाऱ्याने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करायची असते. त्यात भर स्वच्छतेवर असतो. नगरपालिका जागा पाहते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला, त्याखाली विक्रीचे प्रमाणपत्र मिळते. पुरवठा खात्याचे लोक येतात ते टाकी लाल आहे की निळी हे पाहायला. रबरी नळीकडे वाकून पाहणारा यांत मला तरी कोणी दिसला नाही.

लाल टाकीची भानगड अशी की १४.२ किलोची ती टाकी घरगुती वापरासाठी असते, धंद्यासाठी १९ किलोची निळी टाकी घ्यावी लागते. २००० सालच्या केंद्रीय आदेशाप्रमाणे घरगुती टाकी धंद्यात वापरणे हा गुन्हा आहे. पुष्कळ गाड्यांवर तरीही लाल टाकी असते, कारण ती स्वस्त पडते. गाडीवाल्याला मग एजन्सीच्या मेकॅनिकची भीती वाटते. नळी तपासायला बोलावले आणि टाकीच जप्त झाली तर? म्हणून तो कोणालाच बोलावत नाही, आणि चार रुपयांच्या वायसरपायी हातपाय भाजून घेतो. त्याहून वाईट म्हणजे लाल टाकीतून बिनशिक्क्याच्या छोट्या टाकीत घराच्या मागच्या खोलीत गॅस भरणे. द्रव हातावर उडाला तर तो इतका थंड असतो की कातडी गोठून जखम होते. आणि खोलीत साठलेल्या गॅसला फ्रीजची एक ठिणगी पुरते. पाच किलोची अधिकृत छोटी टाकी ओळखपत्र दाखवून मिळते; छोट्या चहावाल्याला तीच घेणे परवडते. अपघात झाल्यावर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, तेव्हा गाडीवर वापरलेल्या घरगुती टाकीचा दावा टिकणे कठीण असते, हेही ध्यानात घ्यावे.

ब्रिटनमध्ये गॅसचे काम करणाऱ्याचे नाव 'गॅस सेफ रजिस्टर' या नोंदवहीत असावे लागते. ती १ एप्रिल २००९ पासून सुरू आहे. घरची शेगडी दुरुस्त करणारा फिरत्या खाद्यगाडीला हात लावू शकतोच असे नाही. त्याच्या ओळखपत्राच्या मागे त्याला कोणती कामे येतात ते लिहिलेले असते. गाडीची वर्षातून एकदा तपासणी करून दाखला जवळ ठेवण्याची तिथे रीत आहे. श्रीमंत देशांत अपघात होत नाहीत असे नाही. १ जुलै २०१४ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एका खाद्यगाडीची प्रोपेनची टाकी फुटली आणि त्यात मायलेकी दगावल्या. आपल्याकडे मुंबईत कुर्ला येथे १६ ऑक्टोबर २०१५ रोजी एका उपाहारगृहात गॅस पेटून ८ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक कॉलेजची मुले होती, जेवायला बसलेली. म्हणून हा प्रश्न एकट्या गाडीवाल्याचा नाही. पाणीपुरीच्या गाडीला शाळेची मुले टाकीपासून दोन हातांवर टेकून उभी असतात.

नगरपालिका आणि गॅस एजन्सी यांनी मिळून वर्षातून दोनदा, एकदा गणपतीच्या आधी व एकदा जत्रेच्या आधी, तपासणीचा दिवस ठेवावा असे मला वाटते. त्या दिवशी जप्ती नाही. नळी, क्लिप, वायसर, रेग्युलेटर पाहायचे आणि खराब असेल ते तिथेच बदलायचे. जप्ती करायची ती दुसऱ्या दिवशी खुशाल करा. दोन्ही कामे एकाच दिवशी केली की गाड्याच लागत नाहीत, हा अनुभव सर्वांना आहे.

पावसाळ्यात गाडी चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद करून आत स्वयंपाक चालतो. हवा कमी पडली की ज्योत निळीऐवजी पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही लक्षणे एकाच गाडीवरच्या दोघातिघांना एकदम झाली तर पित्त समजू नये. सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र इथे फसवते, ते ९८ दाखवील आणि माणूस गुदमरत असेल.

गळती लक्षात आली तर रेग्युलेटर बंद करून टोपण लावावे, आसपासच्या शेगड्या व विड्या विझवाव्यात, दिव्याचे बटण किंवा जनरेटर यांना हात लावू नये आणि गिऱ्हाइकांना वाऱ्याच्या उलट बाजूला हलवावे. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. टाकीच्या तोंडाशी पेट घेतला आणि बटणापर्यंत हात सुखरूप पोचत असेल तर ते बंद करावे. नसेल तर सर्वांना दूर नेऊन १०१ ला फोन करावा. गॅस बंद न करता नुसती ज्योत विझवली तर गॅस साठतो आणि दुसरा भडका पहिल्यापेक्षा मोठा होतो.

भाजलेल्या भागावर वाहते साधे पाणी वीस मिनिटे धरावे. बर्फ नको. हळद, शाई, तूप, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही नको. ते खरवडून काढताना रोगी किंचाळतो आणि जखम किती खोल आहे तेही कळत नाही. अंगठी, कडे, घड्याळ, मनगटाचा दोरा सूज येण्याआधी काढावा. चिकटलेला कपडा ओढू नये. वर धुतलेले सुती कापड सैल टाकावे. भाजलेल्याचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का. मोठ्या माणसात असे दहा, लहान मुलात पाच तळहात भरले, किंवा चेहरा, हात, पाय, गुप्तांग वा सांधा भाजला असला, तर १०८ ची गाडी बोलावून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हाताची जखम भरत आली की डॉक्टर सांगतील तसा बोटांचा व्यायाम त्याच आठवड्यापासून करावा. आखडलेली बोटे पुढे झारा धरू देत नाहीत.