मोडीत निघालेले इंजिन, जपलेली प्रतिकृती

न्यूयॉर्क आणि शिकागो या महानगरांना जोडणारी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही गाडी १९०२ साली सुरू झाली. सुखकर शयनयाने, उत्तम भोजनाचा डबा आणि प्रवाशांसाठी फलाटावर अंथरला जाणारा किरमिजी गालिचा यांमुळे ती सर्वतोमुखी झाली. अशा प्रतिष्ठित गाड्यांसाठी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने १९२७ पासून ‘हडसन’ जातीची वाफेची इंजिने आणली. पुढे चार मार्गदर्शक चाके, मध्ये सहा मोठी चालक चाके आणि मागे भार पेलणारी चार चाके, अशी त्यांची रचना होती. एकूण २७५ हडसन इंजिने बांधण्यात आली. डिझेल इंजिनांचे युग आले आणि १९५०च्या दशकात ती सेवेतून बाद होऊन मोडीत निघाली. आज त्यांपैकी एकही इंजिन शिल्लक नाही. १९६७ साली गाडीही बंद पडली.

तरीही हडसन लुप्त झाले नाही. १९३७ साली ‘लायोनेल’ या अमेरिकी खेळणी कंपनीने ५३४४ क्रमांकाच्या हडसनची तपशीलवार प्रतिकृती ७५ डॉलर किमतीस बाजारात आणली. मंदीच्या त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. खेळणे आणि प्रतिकृती यांतील सीमारेषा या इंजिनाने स्पष्ट केली. खेळण्यात साम्य पुरते; प्रतिकृतीत प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान व्हावा लागतो.

हे प्रमाण म्हणजे या छंदाचा पाया होय. अमेरिकेत ‘ओ’ मापात मूळ वस्तूचा ४८वा भाग, तर ‘एचओ’ मापात ८७वा भाग घेतला जातो. ‘एन’ माप १६०व्या भागाचे असते. हडसनचे चालक चाक ७९ इंच व्यासाचे होते. ‘एचओ’ मापात ते जेमतेम २३ मिलिमीटर भरते. ८५ फूट लांबीचा प्रवासी डबा याच मापात सुमारे एक फुटाचा होतो.

अडचण उद्भवते ती वळणावर. घरातील टेबलावर १८ इंच त्रिज्येचे वळण बसवले, तर ‘एचओ’ मापानुसार ते प्रत्यक्षातील सुमारे १३० फूट त्रिज्येचे ठरते. खऱ्या मुख्य मार्गावर इतके तीव्र वळण असत नाही. साहजिकच लांब डब्यांची टोके रुळांबाहेर झुकतात. म्हणूनच अनेक उत्पादक डब्यांची लांबी कमी करतात. अचूकतेचा आग्रह धरणारे मात्र वळणच मोठे घेतात. जागा आणि सत्य यांतील ही तडजोड प्रत्येक छंदिष्टाला करावी लागते.

वेगाचाही असाच हिशेब असतो. ताशी १२८ किलोमीटर वेगाचा आभास निर्माण करण्यासाठी ‘एचओ’ मापातील गाडी सेकंदाला सुमारे ४१ सेंटिमीटर धावली म्हणजे पुरे. आधुनिक डिजिटल पद्धतीत रुळांतून वीज आणि संदेश दोन्ही वाहतात. इंजिनातील चिमुकले मंडल आपल्या क्रमांकाचा संदेश ओळखून मोटर, दिवे व आवाज नियंत्रित करते. दोन सिलिंडरांचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा धापते. चांगल्या प्रतिकृतीत हा तालही जुळवलेला असतो. तेलाचे काही थेंब तापवून धुराड्यातून धूर काढता येतो.

सर्वांत कठीण प्रश्न असतो काळाचा. या ५३४४ क्रमांकाच्या इंजिनावर १९३४ साली ‘कमोडोर व्हँडरबिल्ट’ या नावाने वाऱ्याचा अवरोध कमी करणारे आवरण चढवले गेले होते. लायोनेलने १९३७ मध्ये दाखवले ते मात्र आवरणाविना असलेले रूप. एकच इंजिन, पण कोणत्या वर्षीचे? हे ठरवल्याशिवाय दिव्याची जागा वा अक्षरांचा रंगही निश्चित होत नाही. त्यासाठी जुने आराखडे, छायाचित्रे व वेळापत्रके धुंडाळावी लागतात.

महाराष्ट्रातही या छंदाची मुळे आहेत. पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले आणि चालत्या प्रतिकृतींचे विश्व सर्वसामान्यांसाठी खुले झाले.

मूळ वस्तू नष्ट झाली की तिचे मोजमाप हीच तिची स्मृती उरते. हडसनच्या बाबतीत ती स्मृती आज अनेक घरांतील टेबलांवर धावत आहे.