खुबा दुखतोय? वयाकडे नको, एमआरआयकडे बघा

हाड म्हणजे लाकडासारखी निर्जीव वस्तू, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हाड जिवंत असते. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नवे तयार होते. त्यासाठी त्याला सतत रक्त लागते. हा पुरवठा तुटला की त्या भागातल्या पेशी मरतात. डॉक्टर याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, थोडक्यात एव्हीएन म्हणतात. मला हा आजार बत्तिसाव्या वर्षी झाला. तो बहुधा तिशी ते पन्नाशीतच गाठतो, म्हणून आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींसाठी हे लिहितो आहे.

खुब्यालाच का?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडाच्या खोबणीत फिरते. या चेंडूला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या असतात. मुख्य वाट बंद झाली तर दुसरी वाट जवळजवळ नसतेच. मेलेले हाड ठिसूळ होते, शरीराचे वजन पेलता पेलता चेंडू चेपतो आणि सांधा खराब होतो. खांदा, गुडघा, घोटा यांनाही हे होऊ शकते, पण सर्वांत जास्त खुब्याला.

कारणे ठरावीक आहेत: खुब्याजवळ हाड मोडणे किंवा सांधा निखळणे, मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, अति मद्यपान आणि सिकलसेलसारखे रक्ताचे आजार. कधी कारण सापडतच नाही.

माझ्या बाबतीत कारण स्टेरॉइड. २०२१ मध्ये कोविडने मी रुग्णालयात होतो. त्या औषधाने माझा जीव वाचला, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती.

एक्स-रे स्वच्छ, तरी दुखणे खरे

काही महिन्यांनी डाव्या जांघेत दुखू लागले. मांडी घालून बसणे अवघड झाले, जिना चढताना कळ यायची. आजी म्हणाली, "तेल लावून शेक, वारा धरलाय." एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला आणि मणक्याचे दुखणे म्हणून गोळ्या मिळाल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही खुब्यांचा एमआरआय करायला सांगितले. डावा खुबा दुसऱ्या टप्प्यात निघाला आणि न दुखणारा उजवा पहिल्या! हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये मात्र दिसते.

चेंडू चेपण्याआधी निदान झाले तर सांधा वाचवण्याची संधी असते. माझ्या डाव्या खुब्यावर कोअर डीकॉम्प्रेशन झाले. यात हाडात बारीक छिद्र पाडून आतला दाब कमी करतात, म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. नंतर सहा आठवडे कुबड्या. हाड मजबूत करणारी औषधेही काहींना देतात, पण त्यांचा फायदा सर्वांना सारखा होत नाही. चेंडू चेपला की बहुतेकदा कृत्रिम सांधा हाच उपाय उरतो. मालिशने स्नायूंना आराम पडेल, पण मेलेले हाड त्याने जिवंत होत नाही.

आज मी चालतो, नोकरी करतो, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पोहतोही. धावणे आणि उड्या बंद. काठी लागलीच, तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतो. दर काही महिन्यांनी तपासणी होते. उजवा खुबा अजून तरी टिकून आहे.

एवढे लक्षात ठेवा

- जांघेतले दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कधी खुब्याचे दुखणे गुडघ्यातही जाणवते.
- पूर्वी घेतलेली स्टेरॉइड, मद्यपान, जुना अपघात हे सगळे न लपवता सांगा. एक्स-रे स्वच्छ असेल तर एमआरआयबद्दल विचारा.
- दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे.
- डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने अचानक बंद करू नका. तेही धोक्याचे असते.