गवताखाली दडलेले गाव

संध्याकाळी उन्हे तिरपी झाली की सपाट वाटणाऱ्या माळावरचे लहानसहान उंचवटेही उठून दिसतात, हे तुम्ही पाहिले असेल. इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायरमध्ये वॉरम पर्सी नावाची जागा आहे. तेथे अशा तिरप्या उन्हात गवताखालचे अख्खे गाव दिसू लागते. गावातली वाट, घरांची जोती, परसांचे बांध, सारे ओळखू येते. जवळच छप्पर नसलेले चर्च उभे आहे. वस्ती मात्र नाही. आपल्याकडे महसुलाच्या दप्तरात अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. बेचिराख म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते.

हे गाव कशामुळे उठले? १३४८-४९ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगने हाहाकार माजवला होता. तेव्हा ‘प्लेगमुळे’ हे उत्तर कोणालाही चटकन सुचेल. पण ते बरोबर आहे का? आपण पुरावाच तपासू.

१९४८ साली आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड येथे आले. १९५० मध्ये उत्खनन सुरू झाले. लवकरच पुराणवस्तुसंशोधक जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले. दर उन्हाळ्यात थोडे थोडे खोदत हे काम १९९० पर्यंत, म्हणजे तब्बल ४० वर्षे चालले!

जमिनीने सांगितले, की येथे लोहयुगात आणि रोमन काळातही माणसे राहत होती. विल्यम राजाने १०८६ मध्ये देशातील जमिनीची जी मोठी नोंदवही करवली, त्या ‘डूम्सडे बुक’मध्ये वॉरमचे नाव आहे. पुढे पर्सी घराणे येथे जमीनदार झाले आणि त्यांचे नाव गावाला चिकटले. भरभराटीच्या काळात येथे शेतकऱ्यांची सुमारे ४० घरे होती.

दुसरा साक्षीदार चर्च. दहाव्या शतकात ते लहानसे आणि लाकडी होते. मग दगडी झाले. वस्ती वाढली तशी त्याच्या दोन्ही बाजूंना दालने जोडली गेली. वस्ती घटल्यावर ती पाडून मधल्या कमानी दगडांनी बुजवल्या. या बुजवलेल्या कमानी आजही दिसतात.

तिसरा साक्षीदार म्हणजे हाडे. चर्चच्या दफनभूमीत सुमारे ७०० सांगाडे मिळाले. मुलाचे वय दातांच्या वाढीवरून कळते आणि उंची पायाच्या हाडावरून. दोन्ही मोजली तेव्हा दिसले, की तेथील १४ वर्षांचे मूल आजच्या १० वर्षांच्या मुलाएवढेच उंच होते. उपासमार आणि आजार यांचा हा परिणाम. पण आयांनी मुलांची काळजी घेतली होती, हेही हाडेच सांगतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडांत जड नायट्रोजनचे प्रमाण आईच्या हाडांतल्यापेक्षा जास्त असते. दूध सुटले की ते घटते. निरनिराळ्या वयांच्या मुलांची हाडे ताडून पाहिली, तेव्हा येथील मुले सुमारे दीड वर्षाची होईपर्यंत आईचे दूध पीत होती असे कळले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्लेगने माणसे मेली, हे खरे. पण १३६८ मध्येही गावात सुमारे ३० घरे नांदती होती. म्हणजे गाव प्लेगातून वाचले होते! मात्र प्लेगनंतर देशभर मजूर कमी झाले, मजुरी वाढली आणि धान्याची शेती जमीनदारांना परवडेनाशी झाली. लोकरीला मात्र चांगला भाव होता. नांगरटीला अनेक हात लागतात, पण मेंढरांच्या मोठ्या कळपाला एक मेंढपाळ पुरतो. १५०० च्या सुमारास उरलेली कुटुंबे हुसकावली गेली आणि शेतांची कुरणे झाली. १५१७ च्या सरकारी चौकशीत येथील नोंद अगदी त्रोटक आहे : चार घरे ओस, चार नांगर बंद.

इंग्लंडमध्ये अशी सुमारे ३००० ओसाड गावे आहेत. सगळ्यांची कारणे एकच नाहीत. पण वॉरम पर्सीपुरते उत्तर स्पष्ट आहे. रोगाने गाव अशक्त केले, पण ते उठवले माणसांच्या हिशेबाने. शेवटच्या त्या चार घरांतील माणसे आजारी नव्हती. ती फक्त मेंढरांपेक्षा महाग पडत होती.