हिमयुगातला युरोप : बर्फाच्या कडेला राहणारी माणसं

मागच्या व्याख्यानात आपण निअँडरथल माणसापर्यंत आलो होतो. आज त्याच्यानंतरची, म्हणजे अगदी तुमच्या-माझ्यासारख्या माणसांची गोष्ट. सुरुवातीलाच एक चित्र डोक्यातून काढून टाकू या. हिमयुग म्हटलं की आपल्याला गुहेच्या तोंडाशी कुडकुडत, अर्धपोटी बसलेला माणूस दिसतो. ते चित्र बरंचसं चुकीचं आहे.

आधी नकाशा बघू. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी थंडीचा कडाका शिगेला पोचला होता. स्कँडिनेव्हियावरच्या बर्फाची जाडी काही ठिकाणी तीन किलोमीटरच्या घरात होती. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक जवळजवळ दोन कळसूबाई. एवढं पाणी जमिनीवर गोठून बसल्यामुळे समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला. इंग्लंड तेव्हा बेट नव्हतंच. आल्प्सवर बर्फाची वेगळी टोपी होती. पण या दोन बर्फांच्या मध्ये आणि दक्षिणेला जमीन उघडी होती, आणि तिच्यावर गवत होतं.

हे गवत फार महत्त्वाचं आहे. झाडं जवळजवळ नव्हती, कारण हवा नुसती थंड नव्हती, कोरडीही होती. तेवढ्या पावसावर जंगल उभं राहत नाही, गवत भागवून नेतं. आणि ऊन? आज रेनडिअर बघायला आपण उत्तर नॉर्वेत जातो. तिथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. दक्षिण फ्रान्स मात्र ४५ अक्षांशाच्या आसपास आहे, आणि तेव्हाही तिथेच होता! थंडी ध्रुवाकडची, पण सूर्य मधल्या अक्षांशाचा. म्हणून उन्हाळ्यात गवत जोरात वाढायचं, आणि त्यावर घोडे, बायसन, रेनडिअर, मॅमथ पोसले जायचे. माणसाला गवत पचत नाही. गवत खाणारा प्राणी पचतो.

आता नैर्ऋत्य फ्रान्समधलं वेझेर नदीचं खोरं घ्या. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे. त्यांच्यात पाणी मुरतं, गोठतं, दगड फुटतो आणि कड्याच्या पोटात लांबलचक कपारी तयार होतात. दक्षिणेकडे तोंड असलेली कपार म्हणजे दिवसभर ऊन, पाठीमागे उत्तरेचा वारा अडवणारा डोंगर, आणि समोर नदी. माणसं राहायची ती या कपारीत, बरं का. खोल अंधाऱ्या गुहेत जायची ती चित्रं काढायला. त्याच गुहांपैकी लास्को १९४० साली सापडली. तिथे मिळालेली हाडं बहुतेक सगळी रेनडिअरची आहेत. आणि भिंतीवर? घोडे, रानबैल, हरणं. रेनडिअर शोधावं लागतं. जेवण काय असणार हे भूगोलाने ठरवलं. चित्र कशाचं काढायचं, ते माणसाने.

फ्रान्समध्ये याच कडाक्याच्या काळात नेढं असलेल्या हाडाच्या सुया दिसू लागतात. कातडं नुसतं पांघरणं वेगळं आणि अंगाबरोबर शिवून घालणं वेगळं. माझ्या मते भाल्यापेक्षा या सुईने जास्त माणसं जगवली.

पूर्वेकडे युक्रेनच्या मैदानात ना कडा, ना झाड. तिथे मेझिरिचला १९६५ साली एक शेतकरी तळघर खणत होता, त्याला मॅमथचा जबडा लागला. पुढच्या उत्खननात अख्खी घरं निघाली, मॅमथचे जबडे आणि लांब हाडं रचून बांधलेली. सरपणही हाडांचंच.

एक चिठ्ठी आली आहे : ‘इतकी थंडी होती तर माणसं सरळ इटलीत का गेली नाहीत?’ चांगला प्रश्न आहे. माणसं तिथे होतीच, आणि इटली म्हणजे हमखास आसरा असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०२३ साली ‘नेचर’मध्ये ३५६ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यानुसार नैर्ऋत्य फ्रान्स आणि स्पेनमधली माणसं कडाक्यातून तगली, त्यांचा वंश पुढे चालू राहिला. इटलीत मात्र आधीची माणसं दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी बाल्कनच्या बाजूने आलेली वेगळी माणसं दिसतात. नकाशावर दक्षिणेला असणं पुरेसं नव्हतं.

मग ऊब आली. १४,७०० वर्षांपूर्वी एकदा, मध्ये पुन्हा थंडी, आणि ११,७०० वर्षांपूर्वीपासून कायमची. गवत गेलं, आधी बर्च-पाइन आणि नंतर ओकचं जंगल आलं. रेनडिअर उत्तरेला सरकले, मॅमथ युरोपातून नाहीसे झाले. मोकळ्या मैदानावरची शिकार आणि झाडीतली शिकार यांत फार फरक आहे. आता एकटंदुकटं हरीण, रानडुक्कर, मासे, हेझलनट यांवर भागवायचं होतं.

आणि वितळलेलं पाणी समुद्रात गेलं. ब्रिटन आणि डेन्मार्क यांच्यामधला सखल मुलूख, ज्याला आज डॉगरलँड म्हणतात, हळूहळू बुडाला. १९३१ साली उत्तर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका ट्रॉलरच्या जाळ्यात चिखलवट पीटचं ढेकूळ आलं. ते फोडलं तर आत हरणाच्या शिंगाचं, दाते कोरलेलं भाल्याचं टोक होतं. जिथे ते सापडलं तिथून किनारा सुमारे ४० किलोमीटर लांब आहे.

पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.