अण्णांची सतरंजी

पन्नाशी उलटली त्या वर्षी मला साखर निघाली. तेव्हा मी सांगलीच्या शाखेत होतो. रिकरिंगचा हप्ता चुकला की खातेदाराला दंड लावणारा मी, स्वतःच्या शरीरात मात्र आजवर एकही हप्ता भरला नव्हता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि रोज हालचाल करा म्हणाले. मी उत्साहाने व्यायामाची सायकल आणली. महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळू लागले. असा महागडा स्टँड आपल्यापैकी किती घरांत उभा असेल!

वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा ऐंशीचे. पहाटे सतरंजी अंथरून सूर्यनमस्कार घालायचे. त्यांचे बालपण आटपाडीचे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात असली तरी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून नमस्कार सुरू केले होते. अण्णा हसून म्हणायचे, ''लहानपणी आम्ही शिव्याच घालत होतो.''

राजेसाहेबांची गंमत मी पुढे वाचली. त्यांनीही आधी सँडो या परदेशी पहिलवानाची पुस्तके आणि साधने मागवून सुमारे दहा वर्षे व्यायाम केला होता. मग मिरजेच्या राजेसाहेबांचे पाहून ते नमस्कारांकडे वळले. नमस्काराला हातपाय पसरण्याइतकी जागा पुरते. १९३८ साली त्यांचे यावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. १९५१ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले. आयुष्य केवळ नमस्कारांनी वाढते असे मी म्हणणार नाही. पण स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर उचलतात, हे माझे डॉक्टरही सांगतात.

मी अण्णांना विचारले, ''किती घालू?''

''तीन.''

''तीनच?''

''तोंड धुतलंस की लगेच. मध्ये चहा नको. चहा आला की मागोमाग पेपर येतो.''

चौथ्याच दिवशी खाडा झाला. दुसऱ्या दिवशी मी हिशेबाने सहा घालू लागलो, तर अण्णांनी थांबवले. ''कालचे आज नाही घालायचे. आजचे घाल.'' थकबाकी अशी सोडून देणे माझ्यातल्या बँकवाल्याला फार जड गेले. पण खरे सांगतो, त्या एका वाक्यावर माझी सवय टिकली. नाहीतर आठवड्याची बाकी साचल्यावर मी खातेच बंद केले असते.

शेवटच्या महिन्यांत अण्णांना उठवत नसे. पहाटे खाटेवर बसून ते फक्त हात जोडून वर नेत, खाली आणत. मी मोजायचो. एकदा चुकून दोन वेळा सात म्हणालो. त्यांनी डोळे न उघडताच ''आठ'' म्हणून दुरुस्त केले.

निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्यात राहतो. माझ्या वयाची माणसे पहाटे अजिंक्यतारा चढताना दिसतात. गुडघ्यामुळे मला ते जमत नाही. गोळी अजून आहे, अर्धी झाली. नमस्कार बारांवर आले आहेत, उठताना भिंतीचा आधार घेतो. सुनेने मऊ मॅट आणून दिली आहे. ती कपाटात आहे. मी अण्णांचीच सतरंजी अंथरतो.