गढूळ बिअर, चढे भाव

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या ब्रुअरीची नवी बिअर आली की चाहत्यांमध्ये दोन वाद हमखास पेटतात. चार कॅनना वीस डॉलर कशासाठी मोजायचे, हा पहिला. आणि पैसे मोजून जे घरी आणले त्याला आयपीए म्हणायचे तरी का, हा दुसरा. वरवर पाहता एक वाद पैशाचा आणि दुसरा चवीचा. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत बदललेल्या चवीनेच भाव चढवला आहे, त्यामुळे एक सोडून दुसरा समजत नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शंभराहूनही कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या आणि बहुतेक सगळ्या एकाच धाटणीची फिकट, सौम्य लागर बनवत. सॅन फ्रान्सिस्कोची मोडकळीस आलेली अँकर ब्रुअरी फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५मध्ये विकत घेऊन वेगळी वाट धरली होती. १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठली आणि हौशी लोकांची एक पिढी तयार झाली. कॅलिफोर्नियातील चिको गावच्या सिएरा नेवाडाने १९८०मध्ये आपली पेल एल आणली. तिच्यातल्या कॅस्केड जातीच्या हॉप्सना, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांना, पपनसासारखा वास होता. त्याच वाटेने पुढे ‘वेस्ट कोस्ट आयपीए’ घडली: रंगाने नितळ, चवीला कोरडी आणि चांगलीच कडू.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. लंडनच्या हॉजसन यांच्यासारख्या ब्रुअऱ्यांची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबईला आणि कोलकात्याला येई, त्यावरून हे नाव पडले. ही बिअर खास त्या प्रवासात टिकावी म्हणून शोधून काढली, ही गोष्ट मात्र पुराव्याला उतरत नाही. त्याच जहाजांतून काळी पोर्टरही येत होती आणि तीही धडधाकट पोहोचत होती.

गढूळपणाची सुरुवात ईशान्येकडच्या व्हर्मॉन्ट राज्यात झाली. वॉटरबरी गावात जॉन आणि जेन किमिच या दांपत्याचा ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब होता. तिथली ‘हेडी टॉपर’ ही आठ टक्के अल्कोहोलची बिअर न गाळता दिली जाई. ऑगस्ट २०११मध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला, पण त्याच सुमारास जवळच उभारलेला कॅन भरण्याचा कारखाना वाचला आणि हेडी टॉपर कॅनमधून विकली जाऊ लागली. बिअर थेट कॅनमधूनच प्यावी, अशी सूचना त्या कॅनवर छापलेली असते. ग्लासात ओतल्यावर दिसणारा गढूळपणा तेव्हा गिऱ्हाइकाला खराबी वाटे. आज तोच गढूळपणा दाखवून बिअर विकली जाते.

या ‘हेझी’ किंवा न्यू इंग्लंड आयपीएत ओट्स आणि गहू घालतात. त्यांतली प्रथिने आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स एकत्र येऊन द्रव ढगाळ होतो. जुन्या पद्धतीत हॉप्स उकळत्या रसात घालत आणि त्यातून कडूपणा येई. इथे बहुतेक हॉप्स उकळी संपल्यावर किंवा किण्वनाच्या वेळी पडतात. त्यामुळे कडूपणा कमी आणि आंबा, संत्रे, पॅशन फ्रूट यांची आठवण करून देणारा वास भरपूर. जुन्या चाहत्यांना हा प्रकार फळांचा रस वाटतो. त्यांची एक तक्रार रास्त आहे: घाईने कॅनबंद केलेल्या बिअरमध्ये हॉप्सचे बारीक कण तरंगत राहतात आणि घसा चुरचुरतो. तरीही ब्रुअर्स असोसिएशन या व्यावसायिक संघटनेने २०१८मध्ये हेझी प्रकारांना अधिकृत वर्गवारीत जागा दिली आणि त्याच वर्षीच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये सर्वाधिक प्रवेशिका हेझी आयपीएच्याच गटात आल्या. दूधसाखर घातलेली मिल्कशेक आयपीए, साखरेचा अंशही न उरणारी ब्रूट आयपीए, काळ्या माल्टची ब्लॅक आयपीए हे सगळे त्याच नावाखाली येते. यात शास्त्र कमी आणि दुकानदारी जास्त आहे. आयपीए ही तीन अक्षरे असली की कॅन उचलला जातो.

आता भाव. सिएरा नेवाडाच्या पेल एलचा सहा बाटल्यांचा पॅक साधारण दहा-बारा डॉलरला मिळतो. नावाजलेल्या छोट्या ब्रुअरीच्या दुहेरी हेझी आयपीएचे ४७३ मिलिलिटरचे चार कॅन अठरा ते बावीस डॉलरला जातात. या फरकाचा काही भाग खरा खर्च आहे. अमेरिकी बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. साध्या लागरच्या एका बॅरलला जेमतेम शंभर ग्रॅम हॉप्स पुरतात, तर अशा हेझीला दीड-दोन किलो किंवा त्याहून जास्त लागतात. शिवाय सिट्रा, मोझॅक, गॅलेक्सी, नेल्सन सॉव्हिन यांसारखे मागणी असलेले वाणच हवे असतात आणि ते महाग असतात. एवढे हॉप्स टाकीतली बिअर शोषून घेतात, म्हणजे माल घातला तेवढा हाती येत नाही. त्यात हेझीचे आयुष्य कमी. ऑक्सिजन लागला की ती तपकिरी पडते आणि वास मरतो. त्यामुळे थंड साठवण आणि झटपट विक्री हवी.

उरलेला भाग टंचाईचा आहे. अमेरिकेत १९३३मध्ये दारूबंदी उठल्यावर उत्पादक, वितरक आणि किरकोळ दुकानदार अशी तीन टप्प्यांची व्यवस्था आली आणि प्रत्येक टप्प्यावर नफा कापला जातो. बहुतेक राज्यांत छोट्या ब्रुअरीला स्वतःच्या टॅपरूममधून थेट विकता येते आणि तो सगळा नफा तिच्याकडे राहतो. म्हणून दर आठवड्याला नवे नाव, नवे चित्र, थोडा माल आणि दाराशी रांग. मोसमातल्या पहिल्या हापूसच्या पेटीचा भाव जसा केवळ चवीवर ठरत नाही, तसाच हा व्यवहार आहे.

टंचाई असली म्हणजे भाव चढलाच पाहिजे असे मात्र नाही. बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठाचे भिक्खू वेस्टव्लेटेरेन १२ ही बिअर मठाच्या निर्वाहापुरतीच बनवतात, माफक दरात देतात आणि ती पुढे विकू नये अशी अट घालतात. २०१८मध्ये नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने तीच बाटली जवळपास दहा युरोला विकली. मठात ती दोन युरोच्या आसपास मिळत होती. भिक्खूंनी नाराजी जाहीर केली. कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हरची ‘प्लिनी द यंगर’ ही तिहेरी आयपीए २००५पासून वर्षातून एकदाच येते आणि लोक तासन् तास रांगेत उभे राहतात; म्हणजे टंचाईची किंमत पैशाऐवजी वेळेतही मोजली जाते.

लाकडी पिंपात मुरवलेल्या स्टाउटचे गणित वेगळे. शिकागोच्या गूज आयलंडने १९९०च्या दशकात बर्बनच्या रिकाम्या पिंपांत स्टाउट मुरवायला सुरुवात केली. अशी बिअर महिनोन् महिने जागा आणि भांडवल अडवून ठेवते, थोडी उडून जाते आणि एखादे पिंप बिघडले तर नुकसान मोठे. गूज आयलंडलाच २०१५च्या काही बाटल्या आंबट निघाल्यावर पैसे परत करावे लागले होते. त्यामुळे पंचवीस डॉलरच्या मुरवलेल्या स्टाउटचे समर्थन करता येते. तीन आठवड्यांत तयार होणाऱ्या हेझीला तेवढेच मागणाऱ्याने मात्र काहीतरी जास्त दाखवायला हवे.

मोठ्यांनीही हा बाजार ओळखला. सिएरा नेवाडाने २०१८मध्ये ‘हेझी लिटल थिंग’ देशभर स्वस्तात पोहोचवली आणि गढूळपणाची नवलाई ओसरू लागली. दुसरीकडे, आयपीएला कंटाळलेले चाहते आणि स्वतः ब्रुअरही पुन्हा स्वच्छ लागर आणि पिल्सनरकडे वळले आहेत. तिथे वाद उलटा होतो: हॉप्स कमी लागतात, तर भाव का नाही उतरत? कारण लागर टाकीत आठवडेच्या आठवडे थंड ठेवावी लागते आणि अडलेल्या टाकीचेही पैसे पडतात.



अमेरिकेत २०२४मध्ये क्राफ्ट बिअरचा, म्हणजे अशा छोट्या, स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या बिअरचा, वाटा खपात सुमारे तेरा टक्के, पण विक्रीच्या रकमेत जवळपास एक चतुर्थांश होता. त्याच वर्षी एकूण उत्पादन घटले आणि नव्या उघडलेल्या ब्रुअऱ्यांपेक्षा बंद पडलेल्या जास्त निघाल्या.